अर्ध्या गुंठ्यावरचे घरकुल: गुंठेवारी दाखल्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडे, शामरावनगरच्या अंगाला असलेल्या आमच्या वसाहतीतील बहुतेक घरे गुंठा-अर्ध्या गुंठ्याच्या प्लॉटांवर उभी आहेत. त्यांपैकी एका अर्ध्या गुंठ्यावर, म्हणजे साधारण ५४४ चौरस फुटांवर, प्रधानमंत्री आवास योजनेतून (शहरी) आमचे पक्के घर बांधून झाले. मागणीअर्ज नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला, राहायला एप्रिल २०२३ मध्ये गेलो आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर जमा झाला. मधल्या काळात आणि नंतरही आसपासच्या गल्ल्यांतील बायका आमच्या बचत गटाकडे चौकशीला येत राहिल्या, प्रत्येकीला तेच तेच तोंडी सांगावे लागले, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढावे असे गटाच्या बैठकीत ठरले. गटाच्या वह्या माझ्याकडे असतात, त्यामुळे लिहिण्याचे कामही माझ्याकडे आले.

आधी योजनेबद्दल थोडे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेचे चार घटक होते: झोपडपट्टीचा आहे त्या जागी पुनर्विकास, कर्जाच्या व्याजावर सवलत, भागीदारीत बांधलेली परवडणारी घरे, आणि स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला अनुदान. महापालिकेत सगळे या शेवटच्याला ‘घटक चार’ म्हणतात आणि आमचे घर त्यातले. त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवे, देशात कुठेही कुटुंबातील कोणाच्या नावे पक्के घर नसावे, घर शक्यतो घरातील स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे असावे, आणि ज्या जागेवर बांधायचे ती आपली असल्याचा पुरावा हवा. पहिल्या तीन अटींत आमच्या वसाहतीतील बहुतेक घरे बसत होती. चौथ्या अटीपाशी जवळजवळ सगळी अडली.

त्याचे कारण जुने आहे. आमचा प्लॉट सासऱ्यांनी १९९६ साली सासूबाईंच्या नावे घेतला. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई असल्यामुळे अशा प्लॉटांचे खरेदीखत नोंदले जात नसे. मूळ मालक स्टॅम्प पेपरवर लिहून देई, त्यावर नोटरी होई आणि सात-बारावर नाव मात्र त्याचेच राही. पैसे दिलेले, ताबा घेतलेला, घरपट्टी भरलेली, आणि तरीही सरकारी कागदावर जागा आपली नाही, अशी अर्ध्या सांगलीची अवस्था होती. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या अशा प्लॉटांना गुंठेवारी म्हणतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट प्रशमन शुल्क (नियमभंगाबद्दलची दंडासारखी रक्कम) आणि विकास शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय झाली. त्या वेळी सासऱ्यांचे वखारीतले काम सुटले होते, घरात नणंदेच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि कागदासाठी पैसे भरण्यापेक्षा पत्रे बदलणे निकडीचे होते. त्यामुळे ते राहून गेले. गल्लीतल्या निम्म्या घरांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्याकडे पाणी नदीच्या बाजूने सरळ आले नाही, नाले उलटे फिरून गल्लीत शिरले आणि काळ्या मातीच्या सखल भागात साचून राहिले. पाणी ओसरल्यावर आमची मागची भिंत फुगली होती आणि पुढची कलली होती. घरात पाणी शिरलेल्या शहरी कुटुंबांना सरकारने पंधरा हजारांचे सानुग्रह अनुदान दिले, त्यात पत्रे, अंथरूण-पांघरूण आणि मुलांची वह्या-पुस्तके झाली. भिंत तशीच राहिली.

आमचा बचत गट २०१३ पासूनचा आहे. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये, अंतर्गत कर्जाला शेकडा दीड व्याज. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात अशा गटांचे मिळून वस्तीस्तर संघ झाले, तसा आमच्या भागाचाही आहे. महापुरापर्यंत गटाचे काम म्हणजे बचत, कर्ज आणि हळदी-कुंकू एवढेच होते. पुरानंतरच्या पहिल्या बैठकीत मात्र कर्जाचा विषय बाजूला राहिला आणि कोणाकडे जागेचे कोणते कागद आहेत, कोणाचे भिजले, यावरच बोलणे झाले. त्यातून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी समाजमंदिरात ‘कागदांचा रविवार’ सुरू झाला. गल्लीतले एक निवृत्त तलाठी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते येऊन बसू लागले. महा-ई-सेवा केंद्रात कामाला असलेल्या एका वहिनींनी मोबाइलवर कागद स्पष्ट कसे टिपायचे आणि फाइल लहान कशी करायची हे शिकवले. याचा खर्च म्हणजे चहा आणि झेरॉक्स. तो गटाच्या दंडाच्या रकमेतून (बैठकीला न येणाऱ्या सदस्येला दहा रुपये) भागत असे. मला आजही वाटते की अडीच लाखांच्या अनुदानाइतकाच या रविवारांचा आम्हाला उपयोग झाला.

मागणी सर्वेक्षणाचे अर्ज नोव्हेंबर २०१९ मध्ये भरले. कुटुंबातील सर्वांची आधार कार्डे, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, घरपट्टीची पावती, वीजबिल, पक्के घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जागेचा पुरावा, असा तो संच होता. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याची मुदत ठरलेली असते, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी. प्रतिज्ञापत्रासाठी बाहेरच्या टंकलेखकाने शंभराचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितला होता. अण्णांनी तो आणू दिला नाही. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे आणि साध्या कागदावर लिहिलेले चालते, हे त्यांनी त्या रविवारी सगळ्यांना फळ्यावर लिहून दाखवले. शंभर रुपये लहान रक्कम आहे, पण तीस-चाळीस घरांनी प्रत्येकी दोन-तीन कागदांसाठी ती दिली असती, तर आमच्या गटाची अडीच ते पाच महिन्यांची बचत त्यात गेली असती.

सासूबाईंच्या कागदांत दोन अडचणी निघाल्या आणि त्या अनेक घरांत निघतात, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली नावाची. १९९६ च्या स्टॅम्प पेपरवर त्यांचे घरात हाक मारायचे नाव होते, आधारवर आणि मतदार यादीत लग्नानंतर ठेवलेले. त्या काळी लिहिणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, सोबत जुने रेशन कार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांची साखळी, एवढ्यावर ते मान्य झाले. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, तेव्हापासूनच्या जवळजवळ सगळ्या पावत्या सासूबाईंनी तांदळाच्या डब्याखाली पिशवीत घालून ठेवलेल्या होत्या. जुनी पावती कोणीही टाकून देऊ नये.

दुसरी अडचण बोटांची. सासूबाईंनी मार्केट यार्डात हळद निवडण्याचे काम वर्षानुवर्षे केले. बोटांच्या रेषा झिजल्याने यंत्रावर ठसा उमटेना आणि बँकेतली आधार पडताळणी पुढे सरकेना. आधार केंद्रावर डोळ्यांच्या बाहुल्यांवरून पडताळणी करता येते, हे तिथे विचारल्यावरच कळले. तसे करून माहिती अद्ययावत केली आणि मग बँकेचे काम झाले. बँकेतही एक बारकावा आहे. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि सरकारी अनुदान त्याच खात्यात वळते होईल अशी नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाहून अधिक खाती असतील, तर शेवटी नोंद झालेल्या खात्यात पैसे जातात. आमच्या गल्लीतील एका आजींचा पहिला हप्ता त्यांच्या जुन्या, बंद पडायला आलेल्या खात्यात जाऊन बसला होता आणि तो शोधण्यात घरच्यांचे फार दिवस गेले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळे थांबले. वर्षाच्या अखेरीस अर्जांची छाननी होऊन यादी लागली, त्यात आमच्या नावापुढे ‘जागेच्या मालकीचा पुरावा अपूर्ण’ असा शेरा होता. सासूबाईंनी तो वाचायला लावला, ऐकला आणि विषय सोडून दिला. आपल्या नशिबात पक्के घर नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत, पण नंतरचे काही आठवडे त्यांनी कागदांच्या पिशवीला हातही लावला नाही.

२०२१ च्या सुरुवातीला गुंठेवारी कायद्यात दुरुस्ती होऊन नियमितीकरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढली आणि महापालिकेत प्रस्ताव पुन्हा घेतले जाऊ लागले. आमचा प्लॉट जुन्या तारखेतही बसत होता, तरी दार पुन्हा उघडले हे महत्त्वाचे होते. प्रस्तावात सात-बारा उतारा, स्टॅम्प पेपर, घरपट्टी आणि वीजबिलाच्या जुन्या पावत्या, हमीपत्र, आणि परवानाधारक अभियंत्याने जागेवर मोजून काढलेला नकाशा लागतो. सासऱ्यांच्या पश्चात पुढे वाद नको म्हणून नणंदेचे संमतीपत्रही घेतले. तिने सही करण्याआधी एकच विचारले, माहेरी आल्यावर झोपायला जागा असेल ना. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एका भावाच्या घरात बहिणीचा हक्क कागदावरून उतरतो तेव्हा तिला ते जाणवते, आणि त्याची जाणीव घरच्यांनीही ठेवावी. तिचे संमतीपत्र आम्ही पूर्ण वाचून दाखवून, तिच्या यजमानांसमोर करून घेतले.

नकाशासाठी गटातील पाच घरांनी एकच अभियंता ठरवला. स्वतंत्रपणे आठ हजार सांगितलेले काम प्रत्येकी पाच हजारांत झाले. जूनमध्ये प्रस्ताव दाखल केला आणि जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेस आमच्या घरात पाणी घोट्यापर्यंतच होते, पण महापालिकेची सगळी माणसे पूरकामाला लागली आणि स्थळपाहणी लांबली. पाहणी सप्टेंबरमध्ये झाली, ऑक्टोबरमध्ये भरण्याच्या रकमेचे चलन हातात आले, नोव्हेंबर २०२१ मध्ये नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मिळाले. शुल्क, नकाशा आणि किरकोळ खर्च धरून एकवीस हजारांच्या आसपास गेले. ही रक्कम जागेचा आकार, वापर आणि भाग यांप्रमाणे बदलते, तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्यावरून आपला अंदाज बांधू नये.

प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर त्याची प्रत आवास विभागात देऊन आमचे नाव पुढच्या प्रकल्प अहवालात घालून घेतले. येथे थोडा धीर लागतो, कारण ही प्रकरणे एकेकटी मंजूर होत नाहीत. महापालिका अनेक लाभार्थ्यांचा मिळून सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करते, तो राज्याची सुकाणू यंत्रणा असलेल्या म्हाडाकडे जातो, तिथून राज्यस्तरीय समित्यांपुढे आणि शेवटी दिल्लीला केंद्रीय मान्यता व संनियंत्रण समितीपुढे. खिडकीवरच्या माणसाला रोज विचारून त्यातले काही हलत नाही. आपले नाव कोणत्या अहवालात आहे आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे दोन प्रश्न महिन्यातून एकदा विचारावेत. जुन्या योजनेत मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या घरांनाच पुढे मुदत मिळाली. आमचा अहवाल त्याआधी मंजूर झाला आणि मे महिन्यात आम्हाला पत्र आले.

पत्र आले की लगेच कुदळ मारावी असे वाटते. आम्ही थांबलो आणि त्याची दोन कारणे होती. आमच्याकडची माती काळी, पावसात फुगणारी. जूनमध्ये पाया खणला तर खड्ड्यात पाणी साचते आणि बाजूची माती ढासळते. दुसरे लोखंडाचे. त्या एप्रिलात सळईचा भाव किलोला ऐंशीच्या जवळ पोचला होता. २२ मेपासून केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि पुढच्या महिन्यांत भाव बराच उतरला. आमच्या घराला सव्वा टनाच्या आसपास सळई लागली, त्यामुळे किलोमागे पंधरा रुपयांचा फरक धरला, तरी अठरा-एकोणीस हजार रुपये त्यात वाचतात. हा फायदा आमच्या हुशारीचा नव्हता, पावसाळा आडवा आला म्हणून तो झाला.

बांधकाम परवानगीबद्दल मनात फार धास्ती होती, प्रत्यक्षात तो टप्पा सोपा गेला. २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी प्रक्रिया सुटसुटीत केलेली आहे. परवानाधारक अभियंत्याच्या सहीने नकाशा सादर होतो आणि शुल्क भरल्याची पोच मिळते. पूररेषा मात्र आधी पाहून घ्यावी: निळी रेषा म्हणजे वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी असतात. आमचा प्लॉट नकाशावर लाल रेषेबाहेर होता, पण २०१९ चे पाणी नकाशा पाहून आले नव्हते, म्हणून भिंतीवरच्या पुराच्या खुणेपासून मोजून जोते रस्त्यापासून साडेतीन फूट उंच घेतले. त्यासाठी मुरमाचा भराव वाढला, चार पायऱ्या वाढल्या आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी एका बाजूला कठडा करावा लागला.

दसरा झाल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जुने घर उतरवले. जुने पत्रे, कडी-कोयंड्यांसह दारे आणि चांगल्या विटा वेगळ्या काढून ठेवल्या. विटा जोत्याच्या आतल्या भरावात आणि शोषखड्ड्यात वापरल्या गेल्या, पत्र्यांची सिमेंट ठेवायला शेड झाली. आम्ही त्याच गल्लीत एका खोलीत अडीच हजार भाड्याने राहिलो. भाड्याची ही सहा-सात महिन्यांची रक्कम घराच्या अंदाजपत्रकात कोणी धरत नाही, ती धरावी.

पैशांचे गणित उघड लिहिते, कारण बहुतेकींचा गैरसमज इथेच असतो. योजनेतील घराचे चटईक्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट. भिंती धरून आमचे बांधकाम पावणेचारशे फुटांच्या आत बसले आणि सगळा खर्च सहा लाखांच्या आसपास गेला. अनुदान अडीच लाख. उरलेल्यांपैकी सोन्यावर पतसंस्थेतून एक लाख वीस हजार, माझ्या भिशीचे ऐंशी हजार, गटाचे अंतर्गत कर्ज साठ हजार आणि बाकीची आमची बचत व यजमानांचा दिवाळीचा बोनस. अडीच लाखांत घर होत नाही. शिवाय ते अडीच लाख आधी मिळत नाहीत. जोते, लिंटेल (दारा-खिडक्यांवरची आडवी तुळई), स्लॅब आणि पूर्णत्व अशा टप्प्यांवर काम झाल्यावर महापालिकेकडून येणारा माणूस जागेवर उभा राहून मोबाइलवर छायाचित्र घेतो, त्याला जिओ-टॅगिंग म्हणतात, आणि त्यानंतर त्या टप्प्याचा हप्ता निघतो. पाया आणि जोते यांना आमचे एक लाख चाळीस हजार लागले, ते सगळे घरचेच. पहिला हप्ता जोते झाल्यावर दोन महिन्यांनी आला. ज्यांच्याकडे सुरुवातीला दीड लाखाची सोय नाही, त्यांनी जुने घर उतरवण्याची घाई करू नये. आमच्या भागात एक कुटुंब दोन पावसाळे ताडपत्रीखाली राहिलेले मी पाहिले आहे.

या पहिल्या दोन महिन्यांत गट कसा कामाला आला ते सांगते. आम्ही पाच घरे एकाच हंगामात बांधायला निघालो होतो. सळई आणि सिमेंट एकत्र मागवले, त्यामुळे किलोमागे दोन-तीन रुपये आणि वाहतुकीचा खर्च वाचला. दुकानदाराने गटाच्या शब्दावर जोत्याच्या हप्त्यापर्यंत उधारी दिली, कारण पाचांपैकी एकीचा हप्ता लांबला तरी बाकीच्या चौघी समोर होत्या. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि खडी ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, हिशोबाने येते. गाडी रिकामी होण्याआधी ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजायची, हे काम गटातील आक्कांनी अंगावर घेतले आणि मोजायला सुरुवात झाल्यापासून गाड्या भरून येऊ लागल्या. पाणी मारायचा पाइप, अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आणि पाचशे लिटरची टाकी गटाने एकदाच घेतली आणि ती एका घरावरून दुसऱ्या घरावर फिरली. साठ हजारांच्या कर्जाला मात्र सहज होकार मिळाला नाही. एकाच सदस्येला एवढी रक्कम दिली तर इतर कोणाला आजारपणात काय द्यायचे, हा आक्षेप रास्त होता. शेवटी दोन टप्प्यांत, आणि दुसरा टप्पा पहिला सरकारी हप्ता जमा झाल्यावरच, असे ठरले. तेव्हा मला ते लागले होते, पण हिशोब ठेवणारी म्हणून मीही दुसरीला हेच सांगितले असते.

गवंड्याशी मजुरीवर करार केला, साहित्य आमचे. कराराचा कागद साधाच होता, परंतु त्यात प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे लिहिले होते आणि स्लॅबनंतर दहा टक्के रक्कम गिलावा पूर्ण होईपर्यंत राखून ठेवायची असे होते. स्लॅब जानेवारी २०२३ मध्ये पडला. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मिळून तीस माणसांचा स्वयंपाक केला, सासूबाईंनी नारळ फोडला, आणि मी मात्र दिवसभर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मोजत होते. स्लॅबवर आळी करून दोन आठवडे पाणी साठवून ठेवले. या कामाला मजूर लावायची गरज नसते, मुले आनंदाने करतात.

स्लॅबनंतरचा काळ सर्वांत कठीण गेला. राज्याचा हिस्सा आणि केंद्राचा हिस्सा वेगवेगळ्या वेळी येतात आणि एक आला म्हणून दुसरा येईलच असे नसते. फेब्रुवारीपासून खात्यात काही जमा झाले नाही. गिलावा थांबवला, गवंडी दुसऱ्या कामावर गेला, दारा-खिडक्यांच्या चौकटी उघड्याच राहिल्या. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. रात्रपाळीहून परतताना ते आधी बांधकामावर चक्कर मारून मग खोलीवर येत. याच काळात सोने गहाण ठेवले. त्यात सासूबाईंच्या पाटल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःहून काढून दिल्या आणि व्याज किती, सुटायला किती दिवस लागतील, हे पतसंस्थेतल्या माणसाला दोनदा विचारून घेतले.

मार्चअखेर गवंडी परत आला. आतला गिलावा, शहाबादी फरशी, शौचालय आणि सेप्टिक टाकी एवढे पूर्ण केले. बाहेरचा गिलावा आणि रंग मागे ठेवला. सेप्टिक टाकीला जागा कमी पडत होती, म्हणून शेजाऱ्यांशी बोलून दोन्ही घरांच्या टाक्या सामाईक भिंतीपासून सारख्या अंतरावर घेतल्या. २२ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी दूध उतू घालून राहायला गेलो. पूर्णत्वाचे जिओ-टॅगिंग मात्र लगेच झाले नाही, कारण छायाचित्रात बाहेरची बाजू पूर्ण दिसायला हवी होती आणि घरावर योजनेचा फलकही हवा होता. जूनच्या पावसाआधी बाहेरचा गिलावा उरकला, फलक लावला, छायाचित्र झाले, आणि शेवटचा हप्ता नोव्हेंबरात आला. पाटल्या त्याच आठवड्यात सोडवल्या. गटाचे कर्ज अजून चालू होते, ते पुढच्या वर्षी फिटले.

राहायला गेल्यावरही कागद संपत नाहीत. घरपट्टीची नव्याने आकारणी होते, तिच्यात क्षेत्रफळ बरोबर लिहिले आहे का पाहावे. वीजमीटर जुन्या घराचाच हलवून घेता येतो. गुंठेवारी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, हप्त्यांच्या नोंदी असलेले पासबुक आणि सळई-सिमेंटच्या पावत्या यांची एक फाइल करून ती घरातल्या सर्वांत उंच फडताळात ठेवावी. आमच्याकडे आता सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, जोत्यापासून सात फुटांवर असतात.

आता विचारायला येणाऱ्यांना नव्या टप्प्यातून अर्ज करावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे. स्वतःच्या जागेवर बांधण्याचा घटक त्यातही आहे, घराचे क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर धरले आहे, अर्ज ऑनलाइन भरायचा आहे, आणि गेल्या वीस वर्षांत कोणत्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असल्यास अर्ज चालत नाही. जागेचा कागद पूर्वीइतकाच लागतो, म्हणून ज्यांचा गुंठेवारीचा प्रस्ताव बाकी आहे त्यांना आम्ही आधी तिकडेच पाठवतो.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी आमच्या रविवारांत आजवर फारसे उत्तर नव्हते. आमच्या गल्लीत चार कुटुंबे भाड्याने राहतात, दोघी गटाच्या सदस्या आहेत, त्यांनी आमच्या पाचही घरांच्या स्लॅबला राबून काम केले आणि या योजनेच्या चौथ्या घटकातून त्यांना काहीही मिळू शकत नव्हते. नव्या टप्प्यात भागीदारीतील घरांबरोबर परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही एक घटक आहे. त्याची मागणी आमच्या भागातून किती आहे हे महापालिकेला लेखी कळवायचे ठरले असून, भाडेकरू कुटुंबांची यादी करण्याचे काम वस्तीस्तर संघाने घेतले आहे. यादीसाठी भाडेकराराची प्रत, आधार आणि उत्पन्नाचा दाखला हवा. बहुतेक घरमालक करार लिहून द्यायला तयार नसतात, म्हणून येत्या दुसऱ्या रविवारी अण्णा आधी घरमालकांनाच बोलावणार आहेत.